दुसऱ्यांदा किडनी बसवता येणार नाही असं कळल्यावर: मोठ्या झालेल्या मुलांच्या आई-वडिलांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बसवलेली किडनी काही वर्षं चालली आणि मग बंद पडली. पुन्हा प्रत्यारोपणासाठी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. इथून पुढे बहुतेक घरांत तोच गोंधळ होतो. आई-वडील त्याच संध्याकाळी दाता शोधायला लागतात, मुलीचे रिपोर्ट तिला न विचारता चार ठिकाणी पाठवतात, ‘किडनीच गेली, आता या गोळ्या कशाला’ म्हणून जुनी औषधं बंद पडू देतात आणि डायलिसिसची नीट सोय सगळ्यात शेवटी बघतात. यातली काही नुकसानं नंतर भरून निघत नाहीत, म्हणून कामांचा क्रम महत्त्वाचा.

सोयीसाठी पुढे सगळीकडे ‘मुलगी’ लिहिलं आहे. मुलगा असेल तरी बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

टप्पा १: आधी तिची परवानगी

ती सज्ञान आहे. निर्णय तिचा, सही तिची, आणि कोणाला काय सांगायचं हेही तिनेच ठरवायचं. पहिल्या प्रत्यारोपणाच्या वेळी ती लहान असेल तर सगळी सूत्रं तुमच्या हातात होती. ती सवय मोडणं जड जातं, पण मोडावी लागते.

निवांत वेळी तिला तीन गोष्टी विचारा. डॉक्टरांच्या कोणत्या भेटीला मी येऊ? कोणते कागद मी पाहिलेले चालतील? नातेवाइकांना किती सांगायचं? उत्तरं लिहून ठेवा, कारण दोन महिन्यांनी दोघांनाही ती वेगळी आठवतील. एखाद्या गोष्टीला ती नाही म्हणाली तर वाद घालू नका. महिन्याभराने पुन्हा विचारता येतं.

*तपासा:* डॉक्टरांच्या खोलीत प्रश्नाचं पहिलं उत्तर कोण देतं? तुम्ही देत असाल तर पुढच्या भेटीला तिच्या मागच्या खुर्चीवर बसा आणि फक्त टिपणं घ्या.

टप्पा २: नकाराचं नेमकं कारण लेखी घ्या

‘बॉडी फिट नाही म्हणाले’ हे कारण होत नाही. नकाराचे प्रकार वेगवेगळे असतात आणि पुढची सगळी आखणी त्यावरच ठरते.

पहिला प्रकार ‘आत्ता नाही’. अंगात जंतुसंसर्ग आहे, हृदयाचा त्रास नुकताच झाला आहे, वजन फार आहे किंवा कर्करोगाचे उपचार अलीकडेच संपले आहेत. यात वाट पाहावी लागते, आणि कर्करोगाच्या बाबतीत किती, ते त्याच्या प्रकारावर आणि टप्प्यावर ठरतं. किडनीविकारांसाठी जगभर मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘केडिगो’ या संस्थेने २०२० मध्ये प्रत्यारोपणाच्या उमेदवारांबद्दलच्या सूचना काढल्या. सक्रिय संसर्ग किंवा सक्रिय कर्करोग असताना साधारणपणे थांबावं, पण केवळ वयावरून कोणाला वगळू नये, असं त्यांत म्हटलं आहे.

दुसरा प्रकार जुळण्याचा. आधीची किडनी, रक्त चढवणं आणि गर्भारपण या तिन्हींमुळे शरीरात परक्या पेशींविरुद्ध ॲंटिबॉडी तयार होतात. त्या किती आहेत ते टक्क्यांत सांगतात. ९८ टक्के असेल तर साधारण शंभरातल्या अठ्ठ्याण्णव दात्यांची किडनी तिचं शरीर नाकारण्याची शक्यता असते. ही अपात्रता नव्हे, जुळणारा दाता मिळणं अवघड आहे इतकंच. घरच्यांकडून सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

तिसरा प्रकार मूळ आजार परतण्याचा. एफएसजीएस (किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडणं) किंवा प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया (शरीरात ऑक्झलेट फार बनणं) यांसारखे आजार नव्या किडनीतही परत येऊ शकतात. चौथा प्रकार शस्त्रक्रियेच्या धोक्याचा: हृदय फार कमी ताकदीने चालतंय, किंवा नवी किडनी जिथे जोडायची त्या ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या कडक झाल्या आहेत.

आणि पाचवा, ज्यावरून घरात स्फोट होतो: ‘औषधं नियमित घेतली नाहीत.’ हे ऐकताच तोंडातून ‘तरी सांगत होतो’ निघतं. ते गिळा. गोळ्या का चुकल्या ते शोधा. खर्च होता का, हात थरथरणं आणि चेहरा सुजणं सहन होत नव्हतं का, नैराश्य होतं का? लहान मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात उपचार गेले त्या काळात अनेक तरुण रुग्ण असे निसटतात. कारण सापडलं आणि त्यावर उपाय झाला तर हा नकार कायमचा राहतोच असं नाही.

डॉक्टरांना तिने (किंवा तिच्या सांगण्यावरून तुम्ही) विचारायचे प्रश्न:

- हे ‘आत्ता नाही’ आहे की ‘कधीच नाही’?
- काय बदललं तर पुन्हा विचार होईल?
- प्रतीक्षा यादीवरचं नाव चालू आहे, तात्पुरतं थांबवलंय, की काढलंय?
- पुन्हा तपासणी कोणत्या महिन्यात करायची?

*तपासा:* नकाराचं कारण तुम्हाला आणि तिला, वेगवेगळं विचारलं तर, एका वाक्यात आणि सारखंच सांगता येतंय का? येत नसेल तर हा टप्पा अजून संपलेला नाही.

टप्पा ३: जुन्या प्रत्यारोपणाची औषधं परस्पर बंद करू नका

किडनी बंद पडली तरी ती शरीरातच असते. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं एकदम थांबवली तर तीन गोष्टी होऊ शकतात. ॲंटिबॉडी वाढतात आणि पुढच्या प्रत्यारोपणाची उरलीसुरली शक्यता आणखी घटते. थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाते. आणि शरीर त्या किडनीवर उलटतं: ताप, त्या जागी दुखणं, सूज, लघवीतून रक्त. मग कधीकधी ती शस्त्रक्रियेने काढावी लागते.

दुसऱ्या बाजूला, गरज नसताना ही औषधं पूर्ण मात्रेत चालू ठेवली तर संसर्गाचा आणि काही कर्करोगांचा धोका राहतो. म्हणून कोणतं औषध आधी, किती हळू कमी करायचं आणि कोणतं ठेवायचं, याचा आराखडा नेफ्रोलॉजिस्टकडून (किडनीतज्ज्ञाकडून) तारखांसह लिहून घ्या. पुन्हा प्रत्यारोपणाची आशा किती, यावर तो बराच अवलंबून असतो. म्हणूनच टप्पा २ आधी.

सावधान: वर्षानुवर्षं चालू असलेलं स्टिरॉइड (प्रेडनिसोलोन) एका दिवसात थांबवणं जिवावर बेतू शकतं. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (ताण पेलायला लागणारं संप्रेरक) बनवणं मंदावलेलं असतं. गळून जाणं, उलट्या, रक्तदाब खाली जाणं दिसलं तर थेट रुग्णालय. डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘स्टिरॉइड चालू होतं’ हे सांगा.

रक्त चढवण्याबद्दलही याच वेळी बोलून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर शक्य तिथे लोह आणि एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं औषध) यांच्या इंजेक्शनांनी भागवतात, कारण प्रत्येक पिशवीबरोबर नव्या ॲंटिबॉडीची शक्यता येते. पुढे प्रत्यारोपणाची शक्यता शिल्लक आहे, हे रक्त लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत हवं. मोठा रक्तस्राव होत असेल तेव्हा मात्र ही चर्चा काढायची नाही. तेव्हा रक्तच जीव वाचवतं.

टप्पा ४: डायलिसिस कोणतं आणि कुठून

पहिल्या खेपेला डायलिसिस हा ‘किडनी मिळेपर्यंतचा’ मुक्काम होता. आता तो अनेक वर्षं चालवायचा आहे, त्यामुळे निवड नव्याने करा. जुनंच पुढे ओढू नका.

मशीनवरचं रक्ताचं डायलिसिस केंद्रात साधारण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास असतं. पोटाचं डायलिसिस घरी होतं: हाताने दिवसातून साधारण चार वेळा द्राव बदलायचा, किंवा रात्री झोपेत मशीनवर. नोकरी, प्रवास, घरात स्वच्छ कोपरा, पोटावरच्या आधीच्या शस्त्रक्रिया, हे सगळं धरून तिने ठरवावं. तुम्हाला केंद्रात नेणं-आणणं सोयीचं पडतं, हा निकष शेवटी.

रक्ताचं डायलिसिस ठरलं तर रक्तवाहिनीची वाट वेळेवर तयार हवी. हातातला फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) शस्त्रक्रियेनंतर वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तो नसेल तर मानेत कॅथेटर (नळी) घालावा लागतो आणि त्यातून संसर्गाचा धोका बराच जास्त असतो. ‘बघू पुढे’ म्हणत फिस्टुला टाळत राहणं ही महागात पडणारी दिरंगाई आहे.

फिस्टुला असलेल्या हाताचे नियम सगळ्या घराला पाठ हवेत. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, रक्त काढायचं नाही, सलाइन लावायचं नाही. घट्ट घड्याळ किंवा कडं नको, जड पिशवी नको, त्या कुशीवर झोपणं नको. रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागते का पाहायचं. फक्त फिस्टुलाचा हात जपून भागत नाही: दुसऱ्या हाताच्या शिराही जपायच्या असतात. पुढे कधी तिथेही फिस्टुला करावा लागेल, म्हणून रक्त शक्यतो तळहाताच्या मागच्या बाजूने काढायला सांगा.

सावधान: थरथर लागेनाशी झाली तर उद्याची वाट पाहू नका. गुठळी झाली असेल तर काही तासांचा उशीरही फिस्टुला घालवू शकतो. फिस्टुलातून रक्त उसळलं तर नेमक्या जागी बोटाने जोरात दाबा, हात वर धरा आणि रुग्णवाहिका बोलवा. टॉवेलचा बोळा गुंडाळू नका. दाब पसरतो आणि किती रक्त जातंय ते दिसत नाही.

टप्पा ५: घरातलं खाणंपिणं

इथे आई-वडिलांचा उत्साह सगळ्यात जास्त आणि माहिती जुनी असते. किडनी मंदावत असताना, डायलिसिसच्या आधी, प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलट वाढते, कारण प्रक्रियेत प्रथिनं वाहून जातात. साधारण दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम सांगतात. जुना तक्ता भिंतीवर तसाच असेल तर तो काढून टाका. त्याच्याच नादाने माणसं हळूहळू सुकत जातात, आणि सूज असल्यामुळे ते काट्यावर कळतही नाही.

पाण्याचा प्रश्न खरं तर मिठाचा असतो. खारट खाल्लं की तहान लागणारच. मग ‘पाणी कमी पी’ म्हणून दिवसभर मागे लागण्यात अर्थ नाही. मीठ आधी कमी करा, आणि सगळ्यांच्याच ताटातलं. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन जवळजवळ सगळं पाण्याचं असतं, १ किलो म्हणजे सुमारे १ लिटर. ‘ड्राय वेट’, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, किती हे तिला आणि तुम्हाला माहीत हवं. किती वाढ चालेल तो आकडा केंद्राकडून घ्या.

सावधान: ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या अनेक मिठांत पोटॅशियम क्लोराइड असतं. डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय त्याने थांबू शकतं. प्रेमापोटी आणलेल्या वस्तूंत सगळ्यात घातक हीच. कमरख (स्टारफ्रूट) हे फळही पूर्ण वर्ज्य: त्यातल्या विषाने उचकी, भ्रम आणि झटके येतात.

खाण्यातला फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायच्या असतात. जेवणानंतर तासाभराने घेतल्या तर फारसा उपयोग नाही. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर नको. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी औषध लिहिलं तर ‘डायलिसिसवर आहे, मात्रा बदलावी लागेल का?’ हा प्रश्न तिथेच विचारायचा. गॅबापेंटिन, बॅक्लोफेन, ॲसायक्लोव्हिर यांसारखी औषधं नेहमीच्या मात्रेत दिली गेली तर भ्रम आणि बेशुद्धीपर्यंत पाळी येते. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांनाही हाच नियम.

आणि एक: तिच्या ताटावर पहारा ठेवू नका. तक्ता समजावून घ्या, स्वयंपाक तसा करा, मग जेवताना विषय बदला.

टप्पा ६: धोक्याच्या खुणा फ्रिजवर लावा

- आडवं झालं की धाप लागणं: फुप्फुसात पाणी.
- अचानक पायांत ताकद नसणं, नाडी मंद किंवा अडखळत चालणं: पोटॅशियम वाढलेलं असू शकतं.
- डायलिसिस चालू असताना किंवा नंतर थंडी वाजून ताप: कॅथेटर असेल तर रक्तात संसर्ग समजूनच धावायचं.
- पोटाच्या डायलिसिसचा बाहेर आलेला द्राव गढूळ: पोटाच्या आवरणाला संसर्ग. पिशवी फेकू नका, बरोबर न्या.

केंद्रात आठवड्यातून तीनदा जाणाऱ्यांना एकदा दोन दिवसांचं मोठं अंतर पडतं. त्याच्या शेवटाला धोका सर्वांत जास्त असतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. समारंभ, प्रवास, दुखणं यांमुळे चुकवायचंच झालं तरी या अंतरानंतरचं डायलिसिस चुकवू नका.

टप्पा ७: आता दुसरं मत

औषधांचा आराखडा हातात आला, डायलिसिस मार्गी लागलं, की या कामाला लागा. नकार ‘जुळत नाही’ प्रकारचा असेल तर हा टप्पा आधीच्यांसोबतच चालवा. दोन केंद्रांचे निकष वेगळे असू शकतात, त्यामुळे एक वेगळं मत घेणं रास्त. पाचवं-सहावं घेणं मात्र बहुधा आई-वडिलांची तळमळ असते आणि त्यात दमते मुलगी.

फाईलमध्ये हवं: नकाराचं पत्र, एचएलए तपासणी (दात्याशी जुळणी पाहण्यासाठीची), ॲंटिबॉडीचा ताजा रिपोर्ट, जुन्या किडनीची बायोप्सी, हृदयाची इको, ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, औषधांची आणि आजवर लावलेल्या रक्ताची यादी. ॲंटिबॉडीची अडचण असेल तर दात्यांची अदलाबदल (न जुळणाऱ्या दोन जोड्यांनी दाते बदलून घेणं) आणि ॲंटिबॉडी कमी करण्याचे उपचार याबद्दल थेट विचारा. इम्लिफिडेज या औषधाला युरोपात २०२० मध्ये सशर्त मान्यता मिळाली ती अशाच, ॲंटिबॉडी फार असलेल्या रुग्णांसाठी. पण हृदय किंवा रक्तवाहिन्या हे कारण असेल तर दहा दाते रांगेत उभे केले तरी फरक पडत नाही. भावंडांना तपासणीला पाठवण्याआधी हे स्वतःला नीट समजावा.

सावधान: पैसे देऊन किडनी मिळवून देणारे, आणि स्टेम सेलने किडनी पुन्हा ‘चालू’ करून देणारे याच सुमारास भेटतात. पहिला व्यवहार जवळजवळ सर्वत्र गुन्हा आहे. दुसऱ्याने बंद पडलेली किडनी पुन्हा चालू होते याला पुरावा नाही.

टप्पा ८: बोलणं, आणि न बोलणं

पहिले काही आठवडे ‘होईल सगळं नीट’ हे वाक्य बाजूला ठेवा. तिला ते ‘तुझं दुःख मला ऐकवू नकोस’ असं ऐकू येतं. ‘आज काय बोलावंसं वाटतंय, की नुसतं बसू या?’ इतकं पुरतं. लग्न, मूल, नोकरी यांचे विषय ती काढेल तेव्हा. गर्भारपण तिला नकोच, असं तुम्ही ठरवून टाकू नका आणि ते शक्यच नाही असंही धरून चालू नका. तो तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा प्रश्न.

डायलिसिसवरच्या लोकांत नैराश्य बरंच आढळतं, आणि थकवा, झोप न येणं, भूक मरणं ही लक्षणं आजाराचीच समजून सोडून दिली जातात. खाज, रात्री पाय हलवत राहावंसं वाटणं, डायलिसिसनंतरची ग्लानी यांवर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगायला लावा. जगण्यात अर्थ नाही असं ती म्हणाली तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. पोटॅशियमचं खाणं मुद्दाम खाणं, डायलिसिस गुपचूप चुकवणं हेही याच प्रश्नाचं रूप असू शकतं.

टप्पा ९: नको वाटणारी चर्चा, तब्येत बरी असतानाच

उपशामक सेवा म्हणजे शेवटचे दिवस नव्हेत. वेदना, श्वास, खाज, झोप आणि मन सांभाळणारा हा विभाग डायलिसिस चालू असतानाही मदत करतो. लवकर गाठलेला बरा.

तिला विचारा: तू बोलू शकत नसशील तेव्हा तुझ्या वतीने कोणी बोलायचं? कृत्रिम श्वासयंत्र, छाती दाबून हृदय चालू करणं, यांबद्दल तुला काय हवं? डायलिसिस किती त्रासदायक झालं तर थांबावंसं वाटेल? ती कदाचित जोडीदाराचं किंवा मैत्रिणीचं नाव घेईल, तुमचं नाही. तसं झालं तर ते नाव कागदावर येईल एवढं बघा, आणि राहत्या ठिकाणच्या कायद्यात अशा कागदाला काय लागतं ते वकिलाकडून किंवा रुग्णालयातल्या समाजसेवकाकडून समजून घ्या.

डायलिसिस थांबवल्यावर आयुष्य साधारण काही दिवस ते दोनेक आठवडे उरतं. स्वतःची लघवी होत असेल तर अधिक. त्या काळात त्रास कमी ठेवता येतो. थांबणं हा तिचा हक्क आहे आणि आत्महत्येशी त्याची गल्लत करू नये. मात्र नैराश्यावर उपचार न झालेल्या माणसाचा असा निर्णय घाईने मान्यही करू नये. दोन्ही तपासायला वेळ लागतो, म्हणून चर्चा आधी.

टप्पा १०: तुमची स्वतःची तपासणी

अनेकदा पहिली किडनी आईची किंवा वडिलांचीच असते. ती बंद पडली की दात्यालाही शोक होतो, आणि ‘माझी चांगली नव्हती’ हे मनात बसतं. ते घेऊन समुपदेशकाकडे जा, मुलीकडे नको. ती आधीच ‘मी तुझी किडनी वाया घालवली’ म्हणत असते.

एका किडनीवर जगणाऱ्या दात्याने वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं असतं. मुलीच्या धावपळीत बहुतेक दाते हे वर्षानुवर्षं विसरतात. वेदनाशामकांचा नियम तुम्हालाही लागू आहे. घरात सर्वांचं फ्लूचं लसीकरण करून घ्या. तिची स्वतःची हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकसची लस झाली का तेही पाहा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत जंतूंची लस तिला चालत नाही.

शेवटी कॅलेंडरवर दोन तारखा टाका: टप्पा २ मध्ये डॉक्टरांनी सांगितलेला तिच्या पुनर्तपासणीचा महिना, आणि तुमच्या क्रिएटिनिनची तारीख.